जुन्या फ्रिजचा नवा मालक

गेल्या दिवाळीत आमच्या घरी नवा फ्रिज आला. जुना फ्रिज वडिलांनी १९९९ साली, माध्यमिक शाळेत शिक्षक असताना, हप्त्यांवर घेतला होता. दाराचे रबर सैल झाले होते, कॉम्प्रेसरची घरघर मध्यरात्री ऐकू येत असे, तरी दूध नासले नाही की बर्फ जमायचा थांबला नाही. त्यामुळे तो टाकून देण्यास आईचा विरोध होता. महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी प्लगमध्ये बसवावयाचे एक छोटे वीजमापक यंत्र आणून दिले आणि प्रश्न सुटला. जुना फ्रिज चोवीस तासांत १.४ युनिट वीज घेत होता. नवा आल्यावर त्याच जागी, त्याच ऋतूत मोजणी केली, ती ०.४ युनिट भरली. वर्षाला ३६५ युनिटांची बचत! अर्थशास्त्राच्या अध्यापकाला आपलेच उदाहरण वर्गात सांगावयास मिळावे, याहून मोठे सुख कोणते?

जुना फ्रिज महाविद्यालयातील रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांनी दीड हजार रुपयांना घेतला. त्यांना आम्ही सारेच मामा म्हणतो. ते कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहेत, महाविद्यालयाच्या नाही. त्यांच्या घरात तो पहिलाच फ्रिज. टेम्पोत चढवताना त्यांच्या धाकट्या मुलीने त्यावरून हात फिरवला, तो प्रसंग मला समाधानाचा वाटला होता. भंगारात जाण्याऐवजी वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडली, आपल्यालाही चार पैसे मिळाले. मध्यमवर्गीय मनाला याहून निर्दोष व्यवहार सुचत नाही.

चार महिन्यांनी मामा स्टाफरूमच्या दाराशी विजेचे बिल घेऊन उभे राहिले. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. "सर, फ्रिज चांगला हाय, पण मीटर लई पळतंय. काही बिघडलंय का बघता का?" एवढेच ते म्हणाले. मी बिल पाहिले आणि काही बिघडलेले नाही हे माझ्या लगेच ध्यानात आले. बिघडला होता तो माझा हिशेब. आमच्या घरातून जी बेचाळीस युनिटे महिन्याकाठी हद्दपार झाली होती, ती सर्वच्या सर्व त्यांच्या दोन खोल्यांत जाऊन राहिली होती.

शेवटच्या युनिटाचा दर

या बेचाळीस युनिटांची किंमत मामांना किती पडली, हे पाहण्यापूर्वी वीजबिलाची रचना थोडी समजून घ्यावयास हवी. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटे स्वस्त, त्यापुढची तीनशेपर्यंतची महाग, पाचशेपर्यंतची त्याहून महाग. वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचा दर गेल्या काही वर्षांत सहा रुपयांच्या आसपास राहिला आहे, आणि दुसऱ्या टप्प्याचा अकरा-साडेअकरा रुपयांच्या आसपास. हिशेबापुरते आपण सहा आणि साडेअकरा धरू. कर आणि इतर आकार निराळे.

बिलावरची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागून "आम्हाला वीज आठ रुपयांनी पडते" असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. हा सरासरी दर झाला, आणि निर्णय घेताना त्याचा उपयोग नाही. आपण घरात जे युनिट वाचवतो ते नेहमी शेवटचे, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातले युनिट असते. त्याचप्रमाणे जे नवे युनिट आपण घरात आणतो तेही सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सीमांत आणि सरासरी यांतला भेद शिकवताना पेरू-आंब्यांची उदाहरणे देण्यापेक्षा वीजबिल फळ्यावर लिहावे, असे माझे मत झाले आहे.

मामांचा पूर्वीचा वापर महिन्याला नव्वद युनिटांचा. तो शंभराच्या आत होता म्हणून ५४० रुपयांत भागत असे. फ्रिज आल्यावर तो १३२ युनिटांवर गेला. वाढीव युनिटांपैकी दहा सहा रुपयांनी आणि बत्तीस साडेअकरा रुपयांनी; म्हणजे बिलात ४२८ रुपयांची भर. दीड हजारांना घेतलेल्या फ्रिजने चार महिन्यांत आपल्या किमतीहून अधिक रक्कम मीटरमधून वसूल केली होती. दर चार महिन्यांनी एक जुना फ्रिज विकत घ्यावा, असा हा सौदा होता, आणि तो मी त्यांना करून दिला होता.

आपल्या घरातील ऊर्जाबचतीविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्यातील पुष्कळसे हा भेद न करताच बोलले जाते. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, ही सूचना शाळेच्या भिंतींवर अजूनही रंगवलेली असते. ती साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळातील आहे. आज घरोघरी असलेला नऊ वॅटचा एलईडी दिवा पंचावन्न तास सतत जळत ठेवला, तर जेवढी वीज लागते तेवढी दोन हजार वॅटचा गीझर पंधरा मिनिटांत खाऊन टाकतो. दिवा विसरला म्हणून मुलावर ओरडणारे वडील स्वतः आंघोळीपूर्वी गीझर अर्धा तास चालू ठेवून वर्तमानपत्र वाचत बसलेले मी पाहिले आहेत. (ते वडील बहुधा मीच असतो.) मिक्सरची वॅटची संख्या मोठी दिसते, पण तो दिवसाला दहा मिनिटे फिरतो, त्याच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. उलट दूरचित्रवाणीच्या शेजारचा सेट-टॉप बॉक्स, पडदा काळा झाला तरी दहाएक वॅट घेत रात्रंदिवस जागा असतो. वर्षाकाठी ते सत्याऐंशी युनिटांवर जाते. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण घरगुती विजेला तंतोतंत लागू आहे. वॅट आणि तास यांचा गुणाकार जेथे मोठा, तेथे लक्ष घालावे. सामान्य मराठी घरात, वातानुकूलन यंत्र नसेल तर, असे दोनच मोठे गुणाकार सापडतात: फ्रिज आणि छताचा पंखा. थंडी-पावसाळ्यात पाणी विजेवर तापवणाऱ्यांच्या घरी गीझर हा तिसरा.

पंख्याकडे आपण कधी उपकरण म्हणून पाहतच नाही. तो छताचाच एक भाग वाटतो. नेहमीच्या पंख्यातील मोटार सत्तर ते ऐंशी वॅट घेते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वीज वारा न देता तारा तापवण्यात जाते. पंख्याच्या मधल्या डब्याला हात लावून पाहिल्यास हे कळेल. अलीकडे मिळू लागलेल्या बीएलडीसी पंख्यात आतील फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि वेटोळ्यांतील प्रवाह एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल योग्य क्षणी बदलत राहते. तेवढ्याच वाऱ्याला त्यास अठ्ठावीस ते पस्तीस वॅट पुरतात. वेग कमी केला तर वापर आणखी झपाट्याने उतरतो. जुन्या, भिंतीवरच्या मोठ्या गोल रेग्युलेटरने मात्र पंख्याचा वेग कमी केला तरी विजेचा मोठा भाग रेग्युलेटरमध्येच उष्णतेच्या रूपाने जातो. बीएलडीसी पंखा बसवताना तो रेग्युलेटर काढून टाकावा लागतो, हे वायरमनला आठवणीने सांगावे.

दिवसाला बारा तास आणि वर्षात तीनशे दिवस पंखा फिरतो असे धरा. पंचाहत्तर वॅटचा पंखा २७० युनिटे घेईल, तीस वॅटचा १०८. फरक १६२ युनिटांचा, साडेअकराच्या दराने १,८६० रुपयांचा. दोन्ही पंख्यांच्या किमतींतील अंतर साधारण दीड हजार रुपये. नवा पंखा घ्यावयाचाच असेल, तर हे जादा दीड हजार वर्षाच्या आत परत येतात. चालता जुना पंखा उतरवून तीन हजारांचा नवा लावला, तरी गुंतवणुकीवर शेकडा बासष्ट परतावा मिळतो. बँकेतील मुदत ठेवीवर सात टक्के मिळाले तर आपण व्यवस्थापकाला नमस्कार करून बाहेर पडतो.

मग लोक हा पंखा घेत का नाहीत? अज्ञान हे उत्तर आपल्या वर्गाच्या तोंडी तयार असते. मला ते अपुरे वाटते. माझ्या ओळखीचे एक मोटार रिवाइंडिंग करणारे गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे की जुना पंखा जळाला तर तो चारशे-पाचशे रुपयांत पुन्हा फिरता करून देता येतो, नव्याचे मंडल गेले तर ते कंपनीकडूनच आणावे लागते, आणि तालुक्याच्या गावी ते मिळेलच असे नाही. हा आक्षेप खोटा नाही. पाच-सात वर्षे मागे-पुढे होणाऱ्या विजेच्या दाबात हे मंडल टिकेल काय, ही शंका ग्राहकाने घ्यावयासच हवी. वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावात आहे काय, हे विचारल्याशिवाय पंखा घेऊ नये. दुसरे असे की कित्येक घरांत पंखा असतो घरमालकाचा आणि बिल असते भाडेकरूचे. मालकाने जादा दीड हजार का घालावेत? आणि अकरा महिन्यांचा करार असलेल्या भाडेकरूने दुसऱ्याच्या छताला आपला पंखा का लटकवावा? बदलीच्या गावी राहणारे शिक्षक आणि कारकून यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

व्याजाचा दर आणि विजेचा दर

मुख्य अडचण मात्र निराळी आहे. १९७९ साली जेरी हाउसमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने लोक वातानुकूलन यंत्रे कशी निवडतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जादा किंमत देऊन कमी वीज खाणारे यंत्र घ्यावे की स्वस्त घेऊन पुढे बिल भरत राहावे, या निवडीतून ग्राहक भविष्यातील बचतीला मनातल्या मनात किती व्याजदराने वटवतो हे काढता येते. तो दर वीस टक्क्यांच्या वर निघाला, बाजारातील व्याजापेक्षा कितीतरी चढा. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची: उत्पन्न जितके कमी, तितका हा दर अधिक. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि गरीब माणूस अदूरदर्शी असतो असा सोयीस्कर अर्थही कित्येकांनी काढला.

मामांच्या बाबतीत हा अर्थ तपासून पाहावा. समजा, त्यांनी माझा फ्रिज न घेता पंधरा हजारांचा छोटा, चांगल्या प्रतीचा नवा फ्रिज घेतला असता. त्यांचा वापर १३२ ऐवजी १०२ युनिटांवर राहिला असता आणि दरमहा तीस युनिटे, म्हणजे ३४५ रुपये वाचले असते. पंधरा हजार रुपये त्यांच्याजवळ नाहीत. बँक त्यांना दारात उभी करत नाही, कारण पगाराचा दाखला कंत्राटदार देतो आणि कंत्राट दरवर्षी बदलते. त्यांना कर्ज मिळते ते वस्तीतील एका सावकारी करणाऱ्याकडून, महिना शेकडा तीन दराने. पंधरा हजारांवर महिन्याचे नुसते व्याजच ४५० रुपये होते. ३४५ रुपये वाचवण्यासाठी ४५० रुपये व्याज भरणारा माणूस दूरदर्शी ठरला असता काय? जुना फ्रिज घेण्याचा त्यांचा निर्णय, त्यांना मिळणाऱ्या व्याजदराने पाहिले तर, बरोबर होता. फक्त त्याच्या बिलाचा आकडा त्यांना कोणी आधी सांगितला नव्हता. तो आकडा माझ्याजवळ होता आणि मी तो सांगितला नाही. आईची समजूत घालण्यासाठी काढलेला १.४ हा आकडा मी विक्रीच्या वेळी विसरलो. सोयीने विसरलो, असे कोणी म्हटल्यास मला फारसे उत्तर देता येणार नाही.

आता माझ्या बाजूने तोच हिशेब. अठरा हजारांच्या नव्या फ्रिजने माझी वर्षाला ३६५ युनिटे वाचतात, म्हणजे बेचाळीसशे रुपये; तेवीस टक्क्यांचा परतावा. माझे पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत पडून होते. मी जुना फ्रिज पाच वर्षे आधी बदलला नाही, ही खरी अदूरदृष्टी. तेच यंत्र, तीच वीज, तोच दर. फरक आहे तो फक्त कोणाला पैसा किती व्याजाने मिळतो याचा. म्हणूनच कार्यक्षम उपकरणे सुस्थितीतील घरांत साचत जातात आणि त्यांनी टाकलेली खादाड उपकरणे उताराने वाहत ज्यांना बिल सर्वांत जड, त्यांच्या घरी जाऊन थांबतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात फेरफटका मारावा, तेथे रांगेने उभ्या असलेल्या फ्रिजांवर वीजवापराचा आकडा कोठेच दिसत नाही.

नव्या वस्तूवर तो आकडा असतो, आणि तो असणे ही साधी गोष्ट नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्याखाली पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांचे लेबल लावण्याची योजना सुरू झाली. आधी ऐच्छिक असलेले हे लेबल फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांना २०१० मध्ये सक्तीचे झाले. छताच्या पंख्याला मात्र ही सक्ती येण्यास १ जानेवारी २०२३ उजाडले. देशात सर्वाधिक घरांत फिरणारे यंत्र रांगेत इतके मागे का राहिले, हे मला उमगलेले नाही. वाचकांनी एक ध्यानात ठेवावे: ताऱ्यांची मोजपट्टी ठराविक काळाने कडक केली जाते. काही वर्षांपूर्वीचा पंचतारांकित फ्रिज आजच्या पट्टीवर तीन ताऱ्यांचा भरू शकतो. दुकानात तारे मोजण्यापेक्षा लेबलावरचे वर्ष आणि वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा. पंख्याच्या लेबलावर दर वॅटमागे किती वारा मिळतो तो आकडा असतो. विक्रेता तारे दाखवतो. तुम्ही आकडा विचारा.

बल्बांचा धडा

पहिल्या खर्चाची भिंत कशी पाडता येते याचे उत्तर आपल्याच देशात, आपल्या डोळ्यांदेखत मिळालेले आहे. एलईडी बल्ब दहा-बारा वर्षांपूर्वी चैनीची वस्तू होता. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने २०१४च्या आरंभी जे बल्ब घेतले, त्यांची खरेदी किंमत नगास ३१० रुपये होती. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्बांच्या एकत्रित निविदा निघाल्या आणि २०१६ पर्यंत ही किंमत ३८ रुपयांवर आली. योजनेखाली छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, आणि कित्येक ठिकाणी ग्राहकाला किंमत वीजबिलातून हप्त्याने भरण्याची सोय होती. यात बल्बावर मोठे सरकारी अनुदान नव्हते. मोठ्या मागणीची हमी आणि हप्ता, एवढ्या दोन गोष्टींनी काम झाले. काटकसरीची भाषणे न ऐकता झोपडीपासून बंगल्यापर्यंत दिवे बदलले.

पंख्यांच्या बाबतीत हा कित्ता गिरवण्याचे प्रयत्न अर्धवट राहत आले आहेत. पस्तीस वॅटच्या अतिकार्यक्षम पंख्यांना उत्पादकांच्या पातळीवर प्रोत्साहन देण्याची कल्पना बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळातच पुढे आली होती. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील ऊर्जा गटाने तिचा पाठपुरावा केला. पुढे २०२३च्या नोव्हेंबरात एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर झाला. आकडा मोठा वाटतो, पण बल्बांच्या छत्तीस कोटींपुढे तो ठेवून पाहावा.

विजेचा विचार युनिटांपासून न करता माणसाला हव्या असलेल्या सेवेपासून करावा, हे सांगणारा माणूसही आपल्याकडे होऊन गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी १९८०च्या दशकात कर्नाटकासाठी 'डिफेंडस' नावाचा पर्यायी वीज आराखडा मांडला. पुढील वर्षांत किती वीज लागेल याचा आलेख वर वर ओढत नेऊन तेवढी केंद्रे मागण्याऐवजी, लोकांना किती उजेड, किती गरम पाणी, किती शेतीचे पाणी हवे हे मोजा आणि ते कमीत कमी विजेत कसे देता येईल ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता. कोणाला युनिट खावयाचे नसते. गार दूध हवे असते, उकाड्यात झोप हवी असते.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी वाटू नये. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागात दहा-बारा तासांचे भारनियमन आपण भोगले आहे. २०१३च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा वीज ही कोळशाइतकीच पाण्यापासूनही बनते हे मराठवाड्याला कळून आले. कोळशातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. घरातल्या एका युनिटामागे खाणीतून सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा निघावा लागतो, आणि तारांतील गळती धरली तर त्याहूनही अधिक. चंद्रपूरच्या माणसाला हे आकडे सांगावे लागत नाहीत. त्याच्या गच्चीवर ते काळ्या धुळीच्या रूपाने येऊन पडतात.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो माझ्या विद्यार्थ्यांनी वर्गात काढलाच. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली दाखवून दिले की वाफेची यंत्रे काटकसरी झाली तेव्हा इंग्लंडात कोळसा कमी नव्हे, अधिक जळू लागला. पंखा स्वस्तात फिरू लागला तर लोक तो अधिक फिरवतील, मग बचत कोठली? सुखवस्तू घरांत हे घडते. बिल कमी आले म्हणून वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर लावणारी घरे मला ठाऊक आहेत. २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताच चोवीस अंशांवर येतील असा नियम झाला आणि एकेका अंशाने सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो, तरी हात रिमोटकडे जातोच. पण ज्या घरात बिलाच्या धास्तीने मे महिन्याच्या रात्री पंखा दोन वाजता बंद केला जातो, तेथे तो सकाळपर्यंत फिरू लागला, तर त्या युनिटाला अपव्यय म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. मुलाला झोप लागली, त्याची नोंद कोणत्या खात्यात करावयाची?

आमच्या सेवक पतसंस्थेच्या संचालक मंडळात मी दोन वर्षांपासून आहे. पतसंस्था सभासदांना द.सा.द.शे. बारा दराने कर्ज देते. पंधरा हजारांचे, पाच वर्षे मुदतीचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता ३३४ रुपये पडतो, आणि मामांच्या बिलात नव्या फ्रिजने वाचणार आहेत ३४५. म्हणजे खिशातून काहीही न घालता फ्रिज बदलतो. सावकाराच्या दराने जो व्यवहार मूर्खपणाचा होता, तो पतसंस्थेच्या दराने शहाणपणाचा ठरतो. परंतु पोटनियमाप्रमाणे सभासदत्व कायम सेवकांनाच आहे. पहारेकरी, सफाई कामगार, ग्रंथालयातील तासिका तत्त्वावरची मुले यांपैकी कोणीच त्यात बसत नाही. गेल्या सभेत मी पोटनियम बदलण्याचा ठराव मांडला. खजिनदारांनी विचारले, "कंत्राट संपले तर वसुली कोणाकडून करायची, सर?" प्रश्न रास्त होता. ठेवी सभासदांच्या आहेत, आणि बुडीत कर्जांनी कित्येक पतसंस्थांना टाळे लागलेले आपण पाहिले आहे. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की केवळ घरगुती उपकरणासाठी, वस्तूची रक्कम थेट दुकानदाराला देऊन आणि दोन कायम सेवकांचा जामीन घेऊन, नाममात्र सभासदांना असे कर्ज देण्याचा प्रस्ताव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. जुने उपकरण पुन्हा विकावयाचे नाही, ही अट मी घातली. ती सर्वांना पटली नाही. भंगारवाला जुन्या फ्रिजचे अकराशे देतो, आणि ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे चालणारे अधिकृत केंद्र चारशे. मधले सातशे कोणी सोसावयाचे, यावर अर्धा तास गेला. अखेर ते मी देतो असे म्हणालो. तो फ्रिज मूळचा माझा होता.

मामांच्या अर्जावर एक जामीनदार म्हणून मी सही केली आहे. दुसऱ्या सहीसाठी अर्ज सध्या स्टाफरूममधून फिरत आहे.